ग्रामीण भागात तज्ज्ञ डॉक्टरांना सक्तीने पाठवलं तर प्रश्न सुटेल का? नाही तर दुसरं काय करता येईल?

थोडाफार सुटेल. मी दक्षिण गडचिरोलीतल्या एका ग्रामीण रुग्णालयात सिस्टर म्हणून बावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. सक्तीने आलेले, हौसेने आलेले, बाँड (शिक्षणानंतरची बंधनकारक सरकारी सेवा) संपवायला आलेले आणि दंड भरून न आलेले, सगळे पाहिलेत. (न आलेले म्हणजे त्यांच्या रिकाम्या खुर्च्या.)

एकदा आमच्याकडे स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम रुजू झाल्या. हाताला यश होतं, आणि कुणी ढकललेलं नव्हतं, आपणहून आलेल्या. गावाने पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. त्याच पावसाळ्यात एका रात्री पहिलटकरीण आली, बाळ आडवं. मॅडम हात धुवून तयार, ओटी (ऑपरेशन थिएटर) तयार, पण भूल द्यायला माणूस नाही. ते पद मी असेपर्यंत बहुतेक रिकामंच होतं. शेवटी मॅडमनी रेफर चिठ्ठी लिहिली, १०८ बोलावली. बाई वाचली, बाळ गेलं. वर्षाच्या आत मॅडमनी बदली करून घेतली. लोक म्हणाले, शहरातली डॉक्टर, टिकली नाही. मला तसं वाटत नाही. ज्या हातांना ऑपरेशन येतं त्यांनी रोज चिठ्ठ्याच लिहायच्या, तर कोण थांबेल?

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं, की तज्ज्ञ सुटा आणून भागत नाही. सिझर करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूल देणारा, बाळाकडे बघणारा आणि रक्ताची पिशवी हे सगळं एकाच रात्री एकाच छपराखाली लागतं. आदिवासी भागात ८० हजार लोकांमागे एक ग्रामीण रुग्णालय आणि तिथे सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोग आणि बालरोग असे चार तज्ज्ञ, हा कागदावरचा हिशोब. प्रत्यक्षात कुठे सर्जन आहे तर भूल नाही, कुठे भूल आहे तर रक्त नाही. माणसं कमीच असतील तर ती चार रुग्णालयांत एकेक वाटण्यापेक्षा दोन-तीन तालुक्यांत मिळून एकाच ठिकाणी पूर्ण टीम बसवा, असं मी आमच्या प्रत्येक साहेबांना सांगत आले. पुढाऱ्यांना ते पटत नाही, कारण प्रत्येकाला आपल्या तालुक्यात पाटी हवी असते.

यावर तुम्ही म्हणाल, मग लांबच्यांनी काय करायचं? भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद व्हायची, मग १०८ काय करणार! अशा ठिकाणी बाईला आधीच आणून ठेवावं लागतं. त्यासाठीच आपल्याकडे 'माहेरघर' आहे: दिवस भरत आले की गरोदर बाईने आरोग्य केंद्राशेजारी येऊन राहायचं. कल्पना फार चांगली, पण घरी दोन लहान पोरं आणि शेतात रोवणी असताना ती येईल कशी, हे कुणी तरी घरी जाऊन सोडवावं लागतं. आमच्याकडे ते आशाताईच करायच्या.

भुलेवर आणखी एक तोड आहे. साध्या एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या बाळंतपणापुरती भूल द्यायला शिकवायचं प्रशिक्षण सरकारने काढलं, सुरुवातीला ते १८ आठवड्यांचं होतं. पण शिकून आलेल्या डॉक्टरला ओटीच नसलेल्या ठिकाणी नेमलं तर ते शिकणं विसरायलाच होतं.

शिबिरांबद्दल लोक विचारतात. हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्पात, चातगावजवळ शोधग्रामला बाहेरचे सर्जन येऊन ऑपरेशनं करतात आणि ती चांगली होतात, कारण तिथे मागे राहणारी माणसं आहेत. सर्जन रविवारी संध्याकाळी गाडीत बसला की सोमवारपासून जखम सिस्टरची असते. टाके कोण काढणार, पू झाला तर फोन कुणाला करायचा, हे आधी न ठरवता घेतलेलं शिबिर मी तरी टाळायला सांगेन. त्यापेक्षा महिन्यातला ठरलेला एक वार बरा. 'दुसऱ्या बुधवारी हाडांचे डॉक्टर येतात' हे एकदा पंचक्रोशीत रुजलं की पेशंट आपोआप येतो. एक बुधवार चुकला की मात्र पुढचे तीन रिकामे जातात.

ई-संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या व्हिडिओवरच्या डॉक्टरी सल्ल्यातून, कातडीचे आजार, बीपी-शुगर, फिटच्या गोळ्या यांचं काम छान होतं. आमची अडचण वेगळीच होती. आजी माडियात बोलणार, पडद्यावरचे डॉक्टर हिंदीत, मधे आशाताई. आजीची पाच मिनिटांची कहाणी डॉक्टरपर्यंत 'पोट दुखतं' एवढीच पोचायची.

आणि काही वेळा तज्ज्ञाला आणायची गरजच नसते, त्याच्याकडचं नेमकं तेवढं ज्ञान खाली आणलं की पुरतं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्रॅझोसिन वापरून दाखवलं, ती गोळी आज प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तर आमच्याच जिल्ह्यातल्या ३९ गावांत बायांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

पैशाचं थोडक्यात सांगते. महात्मा फुले योजनेत ऑपरेशन फुकट होतं, पण नागपूरला सोबत गेलेल्या नवऱ्याची बुडालेली मजुरी आणि त्याचं जेवण फुकट होत नाही. अर्धे लोक 'रोवणी झाल्यावर जाऊ' म्हणतात ते त्यामुळे.

तुम्हाला तुमच्या भागात काही करायचं असेल तर 'डॉक्टर द्या' असं निवेदन देण्याआधी ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन गोष्टी विचारा: भूल देणारं कोण आहे आणि कोणत्या वारी, रक्तसाठ्याच्या फ्रिजमध्ये आज किती पिशव्या आहेत, आणि गेल्या महिन्यात किती बाळंतिणी रेफर झाल्या. रेफर रजिस्टर सिस्टरच्या टेबलावरच असतं.