तीन वर्षांच्या नोकरीनंतर अभियंत्याने मास्टर्स करावे का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मेकॅनिकलची पदवी घेऊन तीन वर्षे डिझाइन विभागात काम झाले आहे, नोकरीबद्दल विशेष तक्रार नाही, परंतु विश्लेषणाची अवघड कामे मास्टर्स झालेल्या सहकाऱ्यांकडेच जातात, अशा वेळी नोकरी सोडून पुढे शिकावे की अनुभवावरच भर द्यावा? मी पदवीनंतर काही काळ नोकरी केली, मग मास्टर्स केले आणि तेव्हापासून यंत्रभागांच्या ताणविश्लेषणात काम करते आहे. नव्या अभियंत्यांच्या मुलाखती घेण्याचे कामही माझ्याकडे असते, त्यामुळे दोन्ही वाटांनी आलेली माणसे मी जवळून पाहत असते. त्यावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, ज्याला कामातच असे प्रश्न पडू लागले आहेत, जे आणखी कितीही वर्षे तेच काम करून सुटणार नाहीत, त्याने मास्टर्स जरूर करावे. ज्याला असे प्रश्न अजून पडलेले नाहीत त्याने थांबावे, आणि थांबल्याने फारसे काही बिघडत नाही.

अनुभवाने न सुटणारा प्रश्न कसा असतो, हे आपल्याच क्षेत्रातल्या एका उदाहरणावरून पाहू. काटकोनात वळलेली एक ब्रॅकेट आहे, तिची एक बाजू घट्ट बसवलेली आहे, दुसरीवर भार आहे, आणि आतला कोपरा मॉडेलमध्ये अगदी तीक्ष्ण काढलेला आहे. फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअर भागाचे अनेक लहान तुकडे कल्पून प्रत्येकातला ताण, म्हणजे दर एकक क्षेत्रफळावरचे बल, काढते. त्यात त्या कोपऱ्यावर समजा १८० मेगापास्कल ताण दिसला. मेश, म्हणजे त्या तुकड्यांची जाळी, निम्म्या आकाराची केली की तोच आकडा २४५ च्या आसपास जातो, आणखी निम्मी केली की ३३५ च्या आसपास. तो कुठेच स्थिरावत नाही, कारण रेषीय स्थितिस्थापकतेच्या, म्हणजे ताण आणि विरूपण सम प्रमाणात वाढतात असे धरणाऱ्या, गणितात अशा तीक्ष्ण आतल्या कोपऱ्यावरचा ताण मुळातच अनंत असतो. पडद्यावरचा आकडा तिथे धातूविषयी काही सांगत नसतो, फक्त मेश किती बारीक आहे एवढेच सांगत असतो. डिझाइन विभागात मुरलेल्या माणसाला पडद्यावर सर्वाधिक ताण दाखवणाऱ्या ‘त्या लाल ठिपक्याकडे लक्ष देऊ नका’ हे ठाऊक असते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. परंतु उद्या वेगळ्या आकाराचा भाग आला, त्यात वेल्ड आला, तर कोणता लाल ठिपका सोडून द्यायचा आणि कोणत्या ठिपक्यापाशी खरोखरच तडा जाणार आहे, हे त्या सल्ल्यावरून ठरवता येत नाही. कधी खऱ्या गोलाईची त्रिज्या मॉडेलमध्ये घ्यावी लागते. वेल्ड असेल तर वेल्डच्या कडेपासून पत्र्याच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे ताण घेऊन त्यांवरून कडेवरचा ताण काढण्याची रूढ पद्धत वापरावी लागते. आणि तडा आधीच असेल तर ताण बाजूला ठेवून फ्रॅक्चर मेकॅनिक्सच्या, म्हणजे तडा कसा वाढतो याच्या शास्त्राच्या, भाषेत विचार करावा लागतो. यांपैकी केव्हा काय वापरायचे, हे समजण्यासाठी त्यामागचे गणित एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहावे लागते, आणि त्यासाठी लागणारा सलग वेळ नोकरीत सहसा मिळत नाही. माझ्या मते मास्टर्समधून मिळणारी खरी गोष्ट हीच आहे.

प्रश्न कामातून यावा आणि साधन वर्गातून मिळावे, याचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकी गणितज्ञ-अभियंते क्लॉड शॅनन यांचे आहे. त्यांनी पदवी घेताना विद्युत अभियांत्रिकीबरोबर गणितही घेतले होते आणि बूलच्या तर्कगणिताशी, म्हणजे खरे-खोटे या दोनच मूल्यांच्या बीजगणिताशी, त्यांची तेव्हाच ओळख झाली होती. पुढे एमआयटीत ते डिफरन्शियल अॅनालायझर या भल्या मोठ्या गणनयंत्रावर साहाय्यक म्हणून काम करत होते, आणि त्या यंत्राच्या नियंत्रणासाठी रिलेंचे, म्हणजे विजेने उघड-बंद होणाऱ्या स्विचांचे, एक गुंतागुंतीचे सर्किट होते. हे सर्किट बूलच्या गणिताने मांडता येते हे त्यांनी १९३७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आपल्या मास्टर्सच्या प्रबंधात दाखवले आणि डिजिटल सर्किटच्या रचनेचा पाया घातला गेला. आपल्यापैकी कोणाकडून तेवढ्या उंचीचे काम होईल असे मला सुचवायचे नाही; पण हाताखालच्या यंत्रातून उठलेला प्रश्न घेऊन शिकायला बसलेला माणूस आणि पुढे काय करावे हे सुचत नाही म्हणून प्रवेश घेतलेला माणूस, यांच्या दोन वर्षांत केवढे अंतर पडते, हे मी मुलाखतींच्या टेबलावर वारंवार पाहते.

यात शाखेचा वाटा मोठा आहे. इमारती-पुलांचे स्ट्रक्चरल डिझाइन, मृदा अभियांत्रिकी, नियंत्रण प्रणाली, सिग्नल प्रक्रिया, अॅनालॉग चिप डिझाइन, द्रवगतिकीची संगणकीय गणिते, या क्षेत्रांत चार वर्षांच्या पदवीत विषयाची जेमतेम तोंडओळख होते आणि नोकरी देणारे अनेक जण मास्टर्सच गृहीत धरतात. उलट उत्पादन, देखभाल, गुणवत्ता नियंत्रण, प्रकल्पाची उभारणी आणि बहुतांश सॉफ्टवेअर विकास यांत दोन वर्षांचा चांगला अनुभव दोन वर्षांच्या मास्टर्सपेक्षा अनेकदा जास्त मोलाचा ठरतो. आपण डिझाइन आणि विश्लेषण यांच्या सीमारेषेवर उभे आहात, म्हणून कुंपणाच्या कोणत्या बाजूला जायचे हे आधी ठरवा. ज्या पदावर पाच-सात वर्षांनी असावेसे वाटते, त्या पदाच्या वीस-पंचवीस जाहिराती गोळा करा. त्यांत मास्टर्स ही अट आहे, की ‘असल्यास प्राधान्य’ आहे, की तिचा उल्लेखच नाही, हे पाहिल्यावर पुष्कळसा गोंधळ आपोआप कमी होतो.

काही ठिकाणी हा प्रश्न व्यावसायिक नोंदणीशीही जोडलेला असतो. वॉशिंग्टन अॅकॉर्ड हा १९८९ चा करार सदस्य देशांमधील अभियांत्रिकीच्या पदवी अभ्यासक्रमांना परस्पर मान्यता देतो; तरीही ब्रिटनमध्ये चार्टर्ड इंजिनिअर हा व्यावसायिक दर्जा मिळवण्यासाठी मास्टर्सच्या पातळीचे ज्ञान दाखवावे लागते, आणि अमेरिकेत मात्र मान्यताप्राप्त पदवी, अनुभव व परीक्षा यांवर परवाना मिळू शकतो. १९९९ च्या बोलोन्या प्रक्रियेनंतर युरोपात पदवी आणि मास्टर्स असे दोन टप्पे रूढ झाले, आणि जर्मनीसारख्या देशात, जिथे पूर्वी एकच दीर्घ पदवी होती, अनेक अभियंते मास्टर्स झाल्यावरच शिक्षण पुरे झाले असे मानतात. जिथे काम करायचे आहे तिथला नियम वाचल्याशिवाय या बाबतीत कोणाच्याही सांगण्यावर विसंबू नये.

आता पैशांकडे येते, कारण इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. लोक शुल्क तेवढे धरतात आणि बुडणारा पगार धरत नाहीत. शिवाय मास्टर्सनंतरच्या पगाराची तुलना आजच्या पगाराशी करतात. खरी तुलना दोन वर्षे नोकरीतच राहिला असता तर जो पगार झाला असता, त्याच्याशी करायला हवी. आजचा वार्षिक पगार १०० धरा आणि तो दरवर्षी १० ने वाढतो असे माना. नोकरी सोडल्यास १०० आणि ११० मिळून २१० बुडतात. दोन वर्षांचे शुल्क १२० धरले तर एकूण खर्च ३३० होतो. राहण्या-खाण्याचा खर्च दोन्हीकडे असतोच, त्यामुळे त्यातील फरक तेवढाच मोजावा. नोकरीत राहून तिसऱ्या वर्षी पगार १२० झाला असता, आणि मास्टर्सनंतर तो १४५ मिळाला, तर फरक वर्षाला २५ चा, म्हणजे खर्च भरून यायला तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो, आणि त्यात कर्जाचे व्याज धरलेले नाही. हाच हिशेब अध्यापन किंवा संशोधन साहाय्यक म्हणून शुल्कमाफी आणि वर्षाला ४० विद्यावेतन मिळाल्यास पार बदलतो: खर्च १३० वर येतो आणि साधारण पाच वर्षांत भरून निघतो. स्वतःचे आकडे घालून हे एकदा कागदावर मांडाच. माझा आग्रह असा की, कर्ज काढून जाणार असाल तर केवळ पगारवाढीच्या आशेवर जाऊ नये. ज्या कामाचे दार मास्टर्सशिवाय उघडतच नाही, त्या कामासाठी कर्ज काढणे मी समजू शकते.

नोकरी न सोडता शिकण्याचा मार्ग आज पूर्वीपेक्षा बराच मोकळा आहे. जॉर्जिया टेकने २०१४ मध्ये संगणकशास्त्राचे मास्टर्स पूर्णपणे ऑनलाइन आणि अतिशय कमी शुल्कात सुरू केल्यापासून अनेक नामांकित विद्यापीठांनी तशी सोय केली आहे. तथापि यात वेळेचा अंदाज नीट घ्यावा. अमेरिकी पद्धतीच्या मास्टर्सला साधारण ३० क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजण्याचे एकक) लागतात, म्हणजे तीन-तीन क्रेडिटचे दहा विषय. प्रत्येक क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गाचा आणि किमान दोन तास घरच्या अभ्यासाचे धरले, तर एका विषयाला आठवड्याला नऊ तास लागतात. वर्षात दोन सत्रे आणि सत्राला एक विषय घेतला तर पाच वर्षे, दोन घेतले तर अडीच वर्षे, पण मग आठवड्याला अठरा तास. युरोपातील दोन वर्षांचे मास्टर्स १२० क्रेडिटचे असते आणि तिथला एक क्रेडिट २५ ते ३० तासांच्या कामाचा धरतात, म्हणजे एकूण तीन हजार तासांच्या वर. ज्याच्या घरी लहान मूल आहे किंवा आजारी माणूस आहे त्याने हे आकडे घरच्यांसमोर ठेवूनच निर्णय घ्यावा, कारण ते तास शेवटी सगळ्यांच्याच वाट्यातून जातात. प्रयोगशाळेवर उभ्या असलेल्या विषयांना मात्र ऑनलाइन मार्ग फारसा उपयोगाचा नाही.

प्रवेश घ्यायचे ठरले तर विद्यापीठाच्या क्रमवारीत फार अडकू नका. प्रबंधासह मास्टर्स करणार असाल तर मार्गदर्शक प्राध्यापक आणि त्यांची प्रयोगशाळा हीच आपली दोन वर्षे घडवणार किंवा बिघडवणार असते. त्यांच्या विद्यार्थ्यांचे अलीकडचे दोन-तीन प्रबंध काढून वाचा. ते समजायला जड जाणे साहजिक आहे, परंतु ते वाचताना पुढचे पान उलटावेसे वाटते का, याकडे लक्ष द्या. तिथून नुकत्याच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांना लिहून विचारा की मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळ देतात आणि आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत. प्रबंध न करता केवळ विषयांवर आधारलेले मास्टर्स लवकर संपते आणि थेट नोकरीत परतणाऱ्याला ते पुरतेही. पण पीएचडीची थोडीही इच्छा असेल तर प्रबंधाचाच मार्ग घ्यावा, कारण संशोधन आपल्या स्वभावाला मानवते की नाही हे त्यातच कळते.

साहेबांचा कंटाळा आला आहे, बरोबरीचे सगळे निघाले आहेत, बाजारात मंदी आहे, या कारणांसाठी मास्टर्स करू नये असे मला मनापासून वाटते. साहेब बदलायचे असतील तर नोकरी बदलणे फार स्वस्त पडते. व्यवस्थापनाकडे वळायचे असेल तर तांत्रिक मास्टर्स हा लांबचा वळसा आहे.

आपल्यापुरते सांगायचे तर, पुढील तीन महिने एक वही ठेवा आणि कामात जिथे जिथे ‘हे असे का’ याचे उत्तर ना आपल्याला ना वरिष्ठांना देता आले, ते सगळे तारखेसह लिहून ठेवा. वर दिलेल्या कोपऱ्याच्या उदाहरणासारख्या नोंदी त्यात दिसू लागल्या तर दिशा सापडली असे समजा. नोंदी बढती, कामाचे वाटप, बैठका यांविषयीच असतील तर आपली अडचण शिक्षणाची नाही. त्याच काळात रेषीय बीजगणित आणि अवकल समीकरणे पुन्हा हाती घ्या, कारण तीन वर्षांत गणित हातातून निसटते आणि पहिल्याच सत्रात त्याची गरज पडते. शक्य असल्यास एखाद्या विद्यापीठात पदवीसाठी नाव न नोंदवता एकच विषय घेऊन पाहा; फायनाइट एलिमेंटचाच घेतला तर उत्तम. अनेक ठिकाणी तो पुढे प्रवेश मिळाल्यावर क्रेडिटमध्ये धरतात, आणि नाही धरला तरी ते ज्ञान दुसऱ्या दिवशी कामावर वापरता येते. आणि अर्ज करण्याची वेळ येईल तेव्हा शिफारसपत्रांपैकी एक तरी, ज्यांनी आपले विश्लेषणाचे काम प्रत्यक्ष पाहिले आहे अशा वरिष्ठांकडून घ्या. त्यासाठी आतापासूनच विश्लेषणाचे एखादे लहान काम मागून घ्या आणि त्याचा अहवाल स्वतः लिहा.