‘आंतरविद्याशाखीय’ आणि एक जुनी शिवी

विचारणा अशी आहे: ‘इंटरडिसिप्लिनरी’साठी ‘आंतरविद्याशाखीय’ बरोबर की ‘अंतर्विद्याशाखीय’? आणि ‘बहुविद्याशाखीय’ म्हणजे तेच का?

तेच नाही! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापासून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले ऐकून कान किटले आहेत. परिसंवादात इतिहासवाला बोलला, मग अर्थशास्त्रवाला बोलला आणि दोघं चहा पिऊन घरी गेले, तर ते बहुविद्याशाखीय. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती. त्यांनी प्राचीन आहत (ठसे ठोकून पाडलेली) नाणी तराजूत घातली, वापराने नाणं झिजून वजन किती घटतं ते संख्याशास्त्राने तपासलं आणि त्यावरून नाण्यांचा कालक्रम लावला. हे आंतरविद्याशाखीय.

आता रूप. ‘अंतर् म्हणजे फक्त आत’ असं बजावणाऱ्या शुद्धलेखनपंडितांनी पेशवाईतली पत्रं उघडावीत. त्यांतला अंतर्वेद म्हणजे गंगा-यमुनांच्या मधला मुलूख. ‘आत’ आणि ‘मध्ये’ हे दोन्ही अर्थ या शब्दात मुळापासून आहेत. लॅटिनमधला ‘इंटर’ त्याचा सख्खा भाऊ. तेव्हा निवाडा अर्थावर नाही, रूढीवर: मराठीत आंतरराष्ट्रीय, आंतरजातीय रुळले, २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानेही ‘आंतरविद्याशाखीय’ घेतला. तोच लिहा.

पण मला सांगायचं आहे ते ‘शाखा’बद्दल. हा शब्द विद्यापीठांच्या फार आधीचा. वेदाची एकेक पाठपरंपरा म्हणजे शाखा: ऋग्वेदाची शाकल, शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन आणि काण्व. आपली शाखा सोडून दुसरीत गेलेल्या माणसाला संस्कृतात खास शब्द आहे, ‘शाखारंड’. सरळ शिवीच! विज्ञानाची पदवी घेऊन कुणी मराठीकडे वळलं की आजही घरचे ‘ते का सोडलंस?’ म्हणून विचारतात. त्या विचारण्यात मला हा शब्द ऐकू येतो. कोशात याला आधार मिळायचा नाही, तरी माझं मत पक्कं आहे.

आणि लक्षात घ्या, त्याच परंपरेत द्विवेदी, त्रिवेदी, चतुर्वेदी ही मानाची नावं आहेत. अनेक वेद शिकणं भूषण होतं. दोष होता तो आपली शाखा टाकण्याचा. कोसंबींनी भर्तृहरीच्या शतकांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, इतिहास लिहिला, आणि १९४६ ते १९६२ टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते गणिताचेच प्राध्यापक होते.