नोकरी सोडून कोल्हापुरी चपला शिवायच्या आणि स्वतःच्या नावावर विकायच्या, हे जमेल का?

जमेल. पण तुम्ही नाशिकला राहता, घरात हा धंदा कधी नव्हता आणि कोणाच्या हाताखाली राबायचं नाही असं लिहिलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मी कागल तालुक्यातला. आमच्या घरात चपला पिढ्यान् पिढ्या होतात. वडील आयुष्यभर व्यापाऱ्याला माल घालत आले, मी थेट गिऱ्हाइकाला विकतो.

आमच्याकडे हातात कला असलेले पुष्कळ आहेत, तरी स्वतंत्र फार थोडे. कारण साधं आहे. व्यापारी चामडं उधारीवर देतो, तयार माल तोच उचलतो आणि हिशोब सणाला होतो. ज्याचं चामडं, त्याचा भाव. दुकानात जोड ज्या किमतीला जातो, तिचा निम्मा भागही अनेकदा शिवणाऱ्याच्या हातात पडत नाही. म्हणून तुमचं पहिलं भांडवल दुकान, लोगो किंवा इन्स्टाग्रामवर घालू नका. रोखीनं चामडं घ्या, भले थोडंच घ्या.

आणि ते स्वतः जाऊन घ्या, फोनवर नको. तळाला म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं लागतं. असं कमवायला आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून ते महाग पडतं. घाईनं केलेला माल कापल्यावर मधोमध फिकट, कच्चा दिसतो. एक कडा कापूनच बघा, विकणारा कुरकुरला तरी. तळ पाठीच्या भागातून काढायचा. पोटाकडचं चामडं सैल असतं, वर्षभरात पसरतं आणि शिव्या तुम्हाला पडतात. राज्यात 2015 च्या कायद्यानं बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून चामड्याची ओढाताण वाढली आहे. म्हणून एकाच माणसावर अवलंबून राहू नका.

आता शिकण्याचं. रापी म्हणजे चामडं कापायची सुरी धरणं, आरीनं भोक पाडून वादीनं (चामड्याच्या बारीक पट्टीनं) शिवणं, कान म्हणजे बाजूचे पट्टे आणि अंगठा अडकवायची कडी बसवणं हे एखाद्या कारागिराजवळ बसूनच येतं. व्हिडिओ बघून नाही येत, कारण चामडं किती ओलं असताना ठोकायचं हे बोटांना कळावं लागतं. शिकवणाऱ्याला पैसे द्या. हे मुद्दाम लिहितोय. या कामापायी चांभार आणि ढोर समाजानं पिढ्यान् पिढ्या हेटाळणी सोसली, आणि आता त्याला ‘क्राफ्ट’ म्हणून भाव आलाय, तर शिकवणी फुकट मागू नका. चपलेच्या पट्ट्यावरची चामड्याची वेणी मात्र बायकांकडून शिका. बहुतेक घरांत बारीक वेणी त्याच घालतात. नाव पुरुषाचं होतं ते सोडा.

नावाचा एक पेच आहे. ‘कोल्हापुरी चप्पल’ला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकाला मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर एवढेच जिल्हे त्यात येतात. नाशिकला बसून शिवलेला जोड त्या नावानं विकता येणार नाही. एक तर या पट्ट्यातल्या कारागिराशी भागीदारी करा, नाहीतर चपलेला स्वतःचं नाव द्या. मला विचाराल तर दुसरं. ‘कोल्हापुरी’ म्हटलं की गिऱ्हाईक रस्त्यावरच्या रेक्झिनच्या चपलेशी भाव ताडून बघतं.

तुम्ही दुकानापेक्षा वेगळं काय देणार? माप. दुकानात ठरलेले नंबर असतात, आणि रुंद पंजाचा माणूस आयुष्यभर चप्पल चावते म्हणत फिरतो. दोन्ही पायांची बाह्यरेषा कागदावर काढा, पेन्सिल उभी धरून आणि माणसाला उभं करून, शक्यतो संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पंजाचा घेर फितीनं वेगळा घ्या. ब्रिटिश मापात एका नंबरचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. चपलेत तेवढ्यानं टाच बाहेर येते. लांबच्या गिऱ्हाइकाकडून फोटो न घेता कागदच टपालानं मागवा, फोटो तिरका येतो. निम्मी रक्कम आधी घ्या. ओळखीच्यांकडून तर नक्कीच.

जीएसटीचं थोडक्यात: 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या जोडाला 5 टक्के, त्याहून महाग जोडाला 18 टक्के. म्हणून 2600 किंमत लावण्यात काही अर्थ नाही. पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकाराचं काम येतं. हत्यारांसाठी 15,000 रुपये, आधी 1 लाख आणि नंतर 2 लाखांपर्यंत कर्ज, 5 टक्के व्याजानं. संत रोहिदास महामंडळाच्या योजना मात्र चर्मकार समाजासाठी आहेत.

प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीचंही तुम्ही विचारलंय. जून 2025 मध्ये त्यांनी मिलानमध्ये आमच्यासारखीच चप्पल दाखवली, मूळ कुठलं ते सांगितलं नाही, बोंबाबोंब झाल्यावर मान्य केलं. त्या दिवसांत चौकशीचे फोन खूप आले. ज्यांच्याकडे स्वच्छ फोटो, ठरलेला भाव आणि तारखेला माल देण्याची सवय होती त्यांना त्यातून कामं मिळाली, बाकीच्यांना पत्रकार भेटले.

तळ झिजला की बदलून देईन असं पहिल्याच दिवशी सांगा. दुरुस्तीत पैसा फार नाही, पण जुना जोड घेऊन आलेला माणूस नव्याचं माप देऊन जातो.

नोकरी लगेच सोडू नका. जून ते सप्टेंबर आमच्याकडे विक्री थंड असते, चामड्याला बुरशी येते, वाळत काही नाही. शिकायला तेव्हाच या, रजा काढून. कारागिराला बोलायला वेळ असतो. दिवाळीच्या तोंडावर आलात तर कोणी मान वर करून बघणारसुद्धा नाही.