पेपर अवघड होता, म्हणजे नेमकं काय होतं?

एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्सला, स्टेट बोर्डात. क्लासच्या सीईटी (राज्याची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, त्याला 200 पैकी 96 मार्क पडतात आणि जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेच्या मॉकमध्ये 300 पैकी 70च्या आसपास. ‘क्लासवाले मुद्दाम अवघड काढतात,’ असं मुलाचं म्हणणं. आईंनी तीन गोष्टी विचारल्या आहेत: दोन्हींतली खरी अवघड परीक्षा कोणती, 96 मार्कांना पर्सेंटाइल किती, आणि अवघड शिफ्ट वाट्याला आली तर वर्ष वाया जाईल का?

ताई, शिफ्टची काळजी आधी मिटवू, कारण ती तुमच्या हातात नाही आणि बरीचशी अनाठायी आहे. ही परीक्षा वेगवेगळ्या दिवशी आणि वेळी, वेगवेगळ्या पेपरांनी होते; त्यातली प्रत्येक बैठक म्हणजे एक शिफ्ट. पर्सेंटाइल काढताना मुलाची तुलना त्याच्याच शिफ्टमधल्या मुलांशी होते. समजा शिफ्टला 20,000 मुलं बसली आणि त्यातल्या 19,000 जणांना तुमच्या मुलाइतके किंवा त्याहून कमी मार्क पडले (या 19,000 मध्ये तो स्वतःही आला), तर त्याचं पर्सेंटाइल 95. पेपर अवघड असला की सगळ्यांचेच मार्क उतरतात, त्यामुळे 110 वरही चांगलं पर्सेंटाइल मिळू शकतं. सोप्या शिफ्टमध्ये तेच 110 फिके पडतात. खरं तर धास्ती घ्यायचीच तर सोप्या शिफ्टची घ्यावी. तिथे वरच्या मार्कांवर मुलांची दाटी होते आणि गणितातली एक वजाबाकीची चूक, म्हणजे दोन मार्क, बऱ्याच मुलांच्या मागे नेऊन ठेवते.

96 ला किती पर्सेंटाइल, याचं प्रामाणिक उत्तर याच कारणामुळे देता येत नाही. मोबाइलवर फिरणारे ‘इतक्या मार्कांना इतकं पर्सेंटाइल’ असे तक्ते कुठल्या तरी जुन्या शिफ्टचे असतात. क्लासने दिलेलं पर्सेंटाइल त्यांच्याच मुलांमधलं असतं. दोन्हींवरून कॉलेजांची यादी बनवायला बसू नका.

आता अवघडपणाकडे येऊ. जेईई मेनमध्ये 75 प्रश्नांना 180 मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला 144 सेकंद. प्रश्न दोन-तीन संकल्पना एकत्र गुंफून येतो, अकरावीलाही मोठा वाटा असतो आणि चुकलेल्या उत्तराचा एक मार्क कापला जातो. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न 90 मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला जेमतेम 54 सेकंद. गणिताला 50 प्रश्नांसाठी वेगळी 90 मिनिटं, प्रश्नाला 108 सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्री लवकर संपलं तरी उरलेला वेळ गणिताकडे वळवता येत नाही. थोडक्यात, जेईई विचाराला अवघड आणि सीईटी घड्याळाला. ‘सीईटी काय, बोर्डाचा अभ्यास केला की निघते’ असं समजून बसणारी मुलं इथेच अडकतात. त्यांना येत नसतं असं नाही, पण मार्गच लांबचा धरलेला असतो.

एक उदाहरण घ्या. 0 ते पाय भागिले 2 या मर्यादांमधलं इंटिग्रेशन आहे, अंशात साईन एक्स, छेदात साईन एक्स अधिक कॉस एक्स. बोर्डाच्या वहीत हे पाच-सहा ओळींत सुटतं आणि पेपरात तशाच ओळी लिहायच्या असतात. सीईटीत एक्सच्या जागी पाय भागिले 2 वजा एक्स टाकून दोन्ही रूपांची बेरीज केली की आत फक्त 1 उरतो. बेरीज पाय भागिले 2, म्हणून उत्तर त्याच्या निम्मं, पाय भागिले 4. मुलं याला किंग प्रॉपर्टी म्हणतात. नजर बसलेल्या मुलाला दहा-पंधरा सेकंद लागतात, न बसलेल्याला दोन मिनिटं. दोघंही घरी म्हणतात, ‘हे मला येत होतं.’

म्हणून पुढच्या मॉकनंतर मुलाला एक काम करायला सांगा. चुकलेले आणि सोडलेले सगळे प्रश्न उत्तरपत्रिका न बघता, घड्याळ न लावता पुन्हा सोडवू दे, आणि प्रत्येकापुढे कारण लिहू दे. निवांत बसल्यावर सुटला तर ‘वेळ’. सूत्र आठवलं नाही तर ‘सूत्र’. धडाच झालेला नसेल तर ‘धडा’. चिन्ह चुकलं, ‘अयोग्य विधान निवडा’ हे ‘योग्य’ असं वाचलं, तर ‘घाई’. मग प्रत्येक कारणापायी किती मार्क गेले याची बेरीज करा. गेलेल्या 104 मार्कांपैकी 50 ‘वेळ’ आणि ‘घाई’त असतील, तर नवीन नोट्स किंवा आणखी एक क्लास लावून उपयोग नाही. 50 ‘धडा’त असतील, तर रोज मॉक देऊन फायदा नाही. ही बेरीज तीन मॉकची झाली की चित्र पक्कं होतं. एकाच मॉकवरून निष्कर्ष काढू नका.

‘धडा’चा आकडा मोठा निघाला तर आधी अकरावीची पुस्तकं उघडा. सीईटीत साधारण 20 टक्के भार अकरावीचा असतो. गणितात 10 प्रश्न म्हणजे 20 मार्क, फिजिक्स-केमिस्ट्रीत प्रत्येकी 10, असे एकूण 40. तेही अकरावीच्या निवडक धड्यांवर. सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, मर्यादा वगैरे. वर्षभर धूळ खात पडलेल्या पुस्तकांतले हे 40 मार्क मुलं सहज सोडून देतात आणि बारावीच्या अवघड धड्यातल्या दोन मार्कांसाठी आठवडा घालवतात.

‘वेळ’चा आकडा मोठा असेल तर सोडवण्याचा क्रम बदलून बघा. आधी केमिस्ट्री, 35 मिनिटांत. तिथे बरेचसे प्रश्न आठवणीचे असतात, येतात तरी किंवा येत नाहीत तरी. फिजिक्सला 55 मिनिटं उरतात, म्हणजे प्रश्नाला 66 सेकंद. गणितात पहिल्या फेरीत मिनिटभरात वाट दिसणारेच प्रश्न घ्यायचे, बाकीचे दुसऱ्या फेरीत. कॅल्क्युलेटर नसतो, तेव्हा घरीही आकडेमोड हातानेच करू दे. सीईटीत चुकीला मार्क कापत नाहीत, त्यामुळे शेवटची तीन मिनिटं राखून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. गणिताचे 12 प्रश्न राहिले असतील तर चार पर्यायांत तुक्का मारूनही सरासरीने तीन बरोबर येतात, म्हणजे सहा मार्क. जेईईत ही सवय चालत नाही. तिथे आंधळ्या तुक्क्याचा सरासरी लाभ प्रश्नाला पाव मार्क, पण दोन पर्याय नक्की बाद करता आले तर दीड मार्क. न्यूमेरिकल प्रश्नांना पर्यायच नसतात, तिथे तुक्का मारूच नये.

क्लास मुद्दाम अवघड काढतो का? काही काढतात. पडताळायचं तर सीईटीच्या जुन्या शिफ्टचा पूर्ण पेपर, मध्ये न उठता, घड्याळ लावून द्यायला सांगा. तिथे 20-25 मार्क वाढले तर मुलाचं म्हणणं खरं. नाही वाढले तर तक्रार पेपराची नाही.

आता उरला जेईईचा प्रश्न. ही परीक्षा जानेवारीत आणि एप्रिलमध्ये अशी दोनदा देता येते. जानेवारीचा अटेम्प्ट आहे त्या तयारीवर देऊ दे. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांत ऑल इंडियाच्या 15 टक्के जागा जेईईच्या गुणांवर भरल्या जातात, तेव्हा तो स्कोअर फुकट जात नाही. पण आतापासून बोर्डापर्यंत फक्त जेईईपुरता असलेला एकही नवा धडा उघडायचा नाही. इंजिनिअरिंग प्रवेशासाठी बोर्डात पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून) खुल्या प्रवर्गासाठी 45 टक्के लागतात, राज्यातल्या राखीव प्रवर्गासाठी 40. एप्रिलचा अटेम्प्ट द्यायचा का, ते बोर्ड संपल्यावर ठरवा. तोवर जेईई मॉकमध्ये 120च्या पुढे गेला नसेल, तर ते आठवडे पूर्ण सीईटीला देणं मी पसंत करेन.

पत्रात विषयवार मार्क नाहीत. 96 मध्ये गणिताचे किती, ते आज मुलाला विचारा. 40च्या खाली असतील तर सुरुवात गणितापासून करा, कारण तिथला प्रत्येक प्रश्न दुप्पट मोलाचा आहे.