अँजिओप्लास्टी झाली म्हणजे माणूस कामातून गेला का?

हा प्रश्न आमच्या ग्रामीण रुग्णालयात बीपी-शुगरच्या ओपीडीत सारखा येतो, कधी पेशंट विचारतो, कधी त्याची बायको दाराशी थांबून विचारते. म्हणून एका काकांचं सांगते, घरच्यांना विचारूनच लिहून राहिली आहे, नाव मात्र सांगत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातले शेतकरी, साठीच्या आतले, कापूस अन् तूर. छातीत दुखलं, नागपूरला नेलं, महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी करून एक स्टेंट बसला, म्हणजे हृदयाची तुंबलेली नस उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, घरी आले आणि तिथून पुढे काका खाटेवरच. काकू संडासाला पण धरून नेत, मुलगा पाण्याचा गिलास हातात आणून देई, भेटायला येणारा प्रत्येक जण "आता जपा जी" म्हणून जाई. काही आठवड्यांनी आमच्याकडे आले ते झोप नाही, धडधड होते, पाय लटलट करतात म्हणून. डॉक्टरांनी तपासलं, ईसीजी पाहिला, नवीन काही निघालं नाही, मग माझ्याकडे पाठवलं.

पहिले तर काकूच बोलत होत्या. त्यांना सिस्टरसोबत औषधं घ्यायला पाठवलं तेव्हा काका हळूच म्हणाले, "मॅडम, माह्यं हार्ट अर्धंच चालू हाये. रिपोर्टात लिवलं हाये ना, पंपिंग पन्नास टक्के. उरलेलं अर्धं कवा बंद पडन काय सांगता येते?"

एवढे दिवस हा माणूस हे एकटाच मनात घेऊन पडून होता, घरात कोणाला बोलला नाही.

मी टू-डी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट समोर ठेवून सांगितलं, की पंपिंग म्हणजे भरलेल्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर जाते ते, आणि हृदय एका ठोक्यात भरलेलं सगळं रक्त बाहेर टाकतच नाही, कोणाचंच टाकत नाही. चांगल्या तब्येतीच्या माणसाचं पण पंपिंग ५५ ते ७० च्या मधातच असते, शंभर कोणाचंच नसते. म्हणजे तुमचं ५० हे थोडं कमी आहे, अर्धं हार्ट मेलं असा त्याचा अर्थ नाही. काकांनी हे मला तीनदा म्हणायला लावलं. मग दुसरी भीती निघाली, चाललो तर स्टेंट सरकेल. स्टेंट फुग्यानं दाबून नसेच्या भिंतीत बसवलेला असतो, हळूहळू त्याच्यावर आतलं अस्तर पण चढते, तो चालण्यानं की खोकल्यानं सरकत नाही. आणि पाय लटलट करत होते ते पडून राहिल्यानं, स्नायू गळाले होते.

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर चालणं सुरू केलं. सकाळी ऊन व्हायच्या आधी दहा मिनिटं, तसंच संध्याकाळी, मग आठवड्याला थोडं थोडं वाढवत अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. चालता चालता सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली तर वेग कमी. जेवल्या जेवल्या चालायचं नाही. पाठीवरचा फवारणीचा पंप मात्र डॉक्टर सांगेपर्यंत उचलायचा नाही, भरला की सोळा लिटरचं ओझं होते ते.

आता गोळ्या. खरी चूक इथंच चालली होती. "गरम पडतात" म्हणून काका रक्त पातळ व्हायची गोळी एक दिवसाआड घेऊन राहिले होते! स्टेंटनंतर पहिल्या वर्षात ही गोळी मनानं सोडली तर स्टेंटच्या आतच रक्ताची गाठ धरू शकते आणि पुन्हा अटॅक येऊ शकतो. पोटात जळजळते, हिरड्यांतून रक्त येते, काहीही असो, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतील, पण स्वतः बंद करू नका. हे मी काकूंना पण समोर बसवून सांगितलं.

जेवणात काकूंनी सगळं उकडलेलं करून ठेवलं होतं, काका दोन घास खाऊन ताट सरकवत. त्याची काही गरज नाही. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, हे आपलं रोजचं चांगलंच आहे. कमी करायचं ते मीठ, दिवसभराचं सगळं मिळून एक छोटा चमचा, आणि लोणचं, पापड, कुरड्या धरून बरं का. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटर. त्या घरात चौघांत पाच लिटरची कॅन संपत होती, काकू हिशोब ऐकून चूपच झाल्या.

छातीवर दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणं, दम लागणं असं झालं तर बसायचं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवायची आणि पाच मिनिटांत कमी नाही झालं तर १०८ लावायचा. गॅस झाला म्हणून सोडा पीत बसायचं नाही. शुगरवाल्यांना तर कधी कधी दुखत पण नाही, नुसता दम लागतो.

काका आता बांधापर्यंत जाऊन येतात, तुरीच्या शेंगा पण तोडल्या म्हणे. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, तेवढा सुटायचा राहिला आहे. दिवसभर तोंडात असायचा, आता जेवल्यावर एक म्हणतात, पण तंबाखूनं नाडी आणि बीपी वाढते, नसा आवळतात, स्टेंट बसलेल्याला तो एक पण नको. तंबाखू सोडायची मोफत हेल्पलाइन आहे १८००-११-२३५६, नंबर मी मुलाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करून दिला आहे. पुढच्या भेटीत पहिले तेच विचारणार आहे.