तिसरीतल्या मुलीसाठी शोधक-प्रवाशांची चित्रमय चरित्रं कशी निवडावीत?

घरात तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, मुलगी तिसरीत आणि वाचायचा कंटाळा, असं तुम्ही लिहिलंय. उघडलेल्या दोन पानांवर मिळून चाळीस-पन्नास शब्द असतील तेवढीच पुस्तकं घ्या. मुखपृष्ठावरच्या जहाजाला भुलू नका. थेट नकाशा उघडा, पुस्तकाचं पाणी तिथेच कळतं.

दर्यावर्दी मॅगेलनच्या सफरीच्या नकाशात स्पेनपासून स्पेनपर्यंत एकच सलग रेघ आणि वर फक्त त्याचं नाव असेल, तर पुस्तक खाली ठेवा. 1519 मध्ये पाच जहाजं निघाली. 1521 मध्ये फिलिपिन्समधल्या माक्तान बेटावर मॅगेलन लढाईत मारला गेला. पृथ्वीला वळसा घालून 1522 मध्ये स्पेन गाठलं ते एकट्या ‘व्हिक्टोरिया’ने, कप्तान एल्कानोसह अठराजण घेऊन. माक्तानपाशी निदान खूण तरी हवीच. शिवाय रेघ डाव्या कडेला संपून उजवीकडे पुन्हा उगवते, तिथे मुलं अडकतात. शेजारी पृथ्वीगोल आणि हातभर सुतळी ठेवा.

बांधणीही बघा. मधोमध पिना मारलेलं पुस्तक सपाट उघडतं. पाठीला गोंद लावलेल्यात दोन पानांवरचा नकाशा मधल्या घडीत जातो आणि नेमकी सामुद्रधुनीच गायब होते.

चित्रांत दोन चुका चटकन पकडता येतात: दक्षिण ध्रुवाच्या गोष्टीत पांढरं अस्वल (ते फक्त उत्तरेकडे), आणि एव्हरेस्टवर झेंडे बांधलेली कुऱ्हाड उंचावणारा हिलरी. 29 मे 1953 चा तो फोटो तेनसिंगचा, हिलरीने काढलेला.

एकच चरित्र घ्यायचं तर नैनसिंग रावतचं शोधा. कुमाऊँमधल्या मिलमचा हा शिक्षक इंग्रजांच्या सर्वेक्षणासाठी वेश बदलून तिबेटात शिरला आणि 1866 मध्ये ल्हासाला पोचला. जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी, दर शंभर पावलांना एक मणी; म्हणजे माळ पुरी झाली की दहा हजार पावलं, साधारण पाच मैल. टिपणं प्रार्थनाचक्रात दडवलेली. उंची काढायची ती पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून. माळेचं चित्र जवळून काढलेलं नसेल तर त्या पुस्तकाचा अर्धा जीव गेला.

ही मोजणी मुलीकडूनही करून घ्या, पण सोलापूरच्या उन्हात नको, सकाळी सातच्या आत. टेपने दहा मीटर आखा, तीनदा चालवून पावलांची सरासरी काढा. पहिल्या खेपेला मुलं मुद्दाम ढांगा टाकतात, ती खेप सोडून द्या. मग घर ते शाळा. दर शंभर पावलांना एक चिंचोका एका खिशातून दुसऱ्या खिशात, नाहीतर बोलता बोलता आकडा विसरतोच. परत येतानाही मोजा. दोन आकड्यांत थोडा फरक पडणारच. फार पडला तर बहुधा एखादा चिंचोका टाकायचा राहिला असेल.

डॉ. कोटणीस आपल्या गावचे म्हणून त्यांचं पुस्तक जरूर घ्या, पण वेगळ्या कप्प्यात. 1938 मध्ये ते वैद्यकीय पथकातून चीनला गेले, नवी वाट शोधायला नव्हे.