आजोबांच्या जुन्या अॅम्बेसिडरची वायरिंग सडली आहे, सगळी उपसून नवीन ओढू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कसबा बावड्यातल्या शेडमध्ये आजोबांची १९६८ची अॅम्बेसिडर मार्क टू आठ वर्षं उभी आहे. वायरींवरचं कापड हात लावला की गळतंय, हॉर्न दाबला की डॅशबोर्डचा दिवा मिणमिणतोय, एकदा धुराचा वासही आला. एक वायरमन म्हणतोय, "जुनं सगळं उपसून टाकतो, दोन दिवसांत नवीन ओढून देतो." त्याला हो म्हणू, की घरी जमेल?

घरी जमेल. आणि त्याला हो म्हणू नका, निदान जुनी वायरिंग उपसू तरी देऊ नका. ती कितीही सडलेली असली तरी त्या गाडीचा नकाशा म्हणून आज तुमच्याकडे तेवढीच आहे. कुठली वायर कुठून निघते, कुठे फाटा फुटतो, जाडी किती, लांबी किती, सगळं त्या जुडग्यात आहे. कटरने चार तुकडे करून पोत्यात भरलं की संपलं.

हे अनुभवाने सांगतोय. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मेंटेनन्सला आहे, दिवस सगळा पॅनेल आणि मोटारींत जातो. वडिलांची मार्क टू १९७०ची. तिची वायरिंग बदलायची वेळ आली तेव्हा मला सवड नव्हती म्हणून गाडी एकाकडे दिली. तीन दिवसांत 'नवीन वायरिंग' झाली. घरात वापरतात ती वायर, लाल आणि काळी, दोनच रंग. जुलैमध्ये गगनबावड्याहून येताना, साळवणच्या अलीकडे, धो धो पावसात दोन्ही हेडलाइट एकदम गेले. बॉनेट उघडलं तर हेडलाइटची वायर पत्र्याच्या भोकातून नुसतीच ओढलेली, ग्रोमेट (भोकाच्या धारेवर बसणारं रबरी कडं) नाही. पत्र्याच्या धारेने कापून तांबं उघडं पडलेलं, आणि मध्ये फ्यूज नसल्यामुळे वायर पार स्विचपर्यंत भाजलेली. मोबाइलच्या उजेडात समोर पंधरा-वीस लाल वायरी, सगळ्या सारख्या. वडील मागच्या सीटवर बसून होते, काही बोलले नाहीत. दिवाळीनंतर मी सगळं काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. जुनी वायरिंग मात्र तोवर भंगारात गेली होती, त्यामुळे मला दुसऱ्या एकाच्या मार्क टूखाली झोपून मापं घ्यावी लागली. तुम्हाला ती वेळ येऊ नये.

तर पहिलं काम: बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, ढीगभर फोटो काढा आणि एकेक टोक सुटं करताना त्याला नंबर द्या. पॅनेलच्या कामात आम्ही वायरीच्या दोन्ही टोकांना पिवळे फेरूल (प्लास्टिकच्या छोट्या नळ्या) घालतो, त्यावर आकडे छापलेले असतात. तेच वापरा, स्वस्त आहेत आणि इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतात. कागदी चिठ्ठी आणि सेलोटेप नको, ग्रीसच्या हाताने आठ दिवसांत पुसून जाते. वहीत लिहा: '१४: कटआउटपासून लाइट स्विचपर्यंत, तपकिरी' (कटआउट म्हणजे डायनमोचं चार्जिंग सांभाळणारा डबा). मग क्लिपा सोडवत अख्खं जुडगं न कापता बाहेर घ्या. डॅशबोर्डखालून काढताना वेळ लागेल, लागू द्या.

रंगांचं एक मोठं सुख आहे. अॅम्बेसिडर मुळात ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे वायरिंग लुकास या तिथल्या इलेक्ट्रिकल कंपनीच्या पद्धतीची आणि त्या रंगांना अर्थ आहे. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेला, फ्यूज नसलेला सप्लाय. पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा. हिरवी चावीनंतर आणि फ्यूजमधून: वायपर, ब्रेकलाइट, इंडिकेटर, मीटर. जांभळी कायम चालू पण फ्यूजमधून, हॉर्न आणि आतला दिवा. लाल पार्किंग आणि टेललाइट. निळी हेडलाइटची, तीत निळी-पांढरी पट्टी अपर आणि निळी-लाल पट्टी डिपर. काळी अर्थिंगची, म्हणजे बॉडीला जोडलेली. जुन्या वायरीचा रंग उडालेला असेल तर टर्मिनलपासून बोटभर आत कापड सोलून बघा, उजेड न लागलेल्या जागी रंग जिवंत सापडतो. पट्टीची वायर सुटी मिळत नाही, अख्खं बंडल घ्यावं लागतं. मी मूळ रंग एकरंगी वायरीत ठेवले आणि पट्टीचं काम फेरूलच्या नंबरावर भागवलं. दिसायला अस्सल नाही, पण रात्री रस्त्यात उभं राहिल्यावर वही उघडून वायर सापडते, आणि मला तेच हवं होतं.

वायर गाडीचीच घ्या. बंडलावर आयएस २४६५ छापलेलं असतं, ते मोटारीच्या केबलचं मानक आहे. घरातली वायर भिंतीत निवांत पडून राहण्यासाठी केलेली असते. इंजिनाजवळची उष्णता, तेल आणि सततची थरथर तिला झेपत नाही. जाडी अशी (दुकानदार 'एमएम' म्हणतो ते चौरस मिलिमीटर): इंडिकेटर, पार्किंग, मीटर यांना १, हेडलाइट आणि हॉर्नला २.५, डायनमोच्या जाड वायरीला ४, बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य तपकिरीला ६. हेडलाइटला कंजूषी केलीत तर काय होतं बघा. ६० वॅटचे दोन बल्ब अपरला १० अँपिअर ओढतात. १ एमएमच्या पाच मीटर वायरीत तेवढ्यानेच पाऊण व्होल्टाच्या वर खर्च होतो, २.५ एमएममध्ये तोच तृतीयांश व्होल्टावर येतो. आणि फिलामेंटच्या बल्बचं असं असतं की व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. "अॅम्बेसिडरचे लाइट मंदच असतात" असं लोक म्हणतात, त्यातला बराचसा दोष वायरीचा, स्विचचा आणि पायातल्या डिपरचा असतो.

आता नवीन वायरिंग ज्यावर बांधायची त्या बोर्डाकडे येऊ. नवीन वायरिंग गाडीत बसून ओढायची नाही, बाहेर बांधून मग गाडीत घालायची. आठ बाय चारचा प्लायवूड घ्या, जुनं जुडगं त्यावर पसरा, प्रत्येक फाट्यावर दोन खिळे ठोका, टोकांना खिळा आणि नंबर लिहा. मागची वायरिंग लांब आहे, ती बोर्डावर वळवून घ्यावी लागते. मग जुडगं उचला आणि सुतळी घेऊन गाडीत त्याच वाटेने फिरवून माप पुन्हा पडताळा, कारण जुनी वायर कुणीतरी मध्ये जोडलेली किंवा तोडलेली असू शकते. इंजिनाकडे जाणाऱ्या टोकांना वीतभर जास्त ठेवा. इंजिन रबरावर हलतं, ताणलेली वायर टर्मिनलपाशीच तुटते. सगळ्या वायरी खिळ्यांतून घातल्यावर दर दहा सेंटीमीटरला मेणाच्या दोऱ्याने बांधा. वरून गुंडाळायला साधी काळी चिकट टेप अजिबात नको. दोन उन्हाळ्यांत तिचा गोंद पाघळतो, सगळं चिकट होतं आणि पुढे काही शोधायचं म्हटलं तर हात काळे. कापडी हार्नेस टेप मिळते ती घ्या, टोकाकडून मुख्य जुडग्याकडे गुंडाळत या आणि प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर चढवा.

आता टर्मिनल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी धातूची जोडणी. सगळ्या कामात जीव इथे आहे. तारा पिळून, पकडीने दाबून, वर टेप लावलेला जोड पहिल्या दिवशी चालतो. पावसात त्यात पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं, मग जोड तापायला लागतो. चांगला क्रिंपिंग टूल (टर्मिनल वायरीवर दाबून बसवणारी पकड) घ्या, तो रॅचेटवाला, जो पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही. वायर सहा-सात मिलिमीटर सोला, एकही तार तुटता कामा नये. टर्मिनलला दोन पकडी असतात: पुढची तांब्याला धरते, मागची इन्सुलेशनला. मागची पकड इन्सुलेशनवर बसली नाही तर वायरीची सगळी थरथर तांब्यावर येते. दाबल्यावर जोर लावून ओढा. निघालं तर बरंच झालं, बोर्डावर निघालं. पहिली पन्नास मी रद्दी तुकड्यांवर केली, त्यातला एक जोड उभा कापून बघितला, आत तारा एकमेकींत दबून सलग तांब्यासारख्या दिसल्या तेव्हाच खरं काम सुरू केलं. डाग देण्याबद्दल (सोल्डरिंगबद्दल) मतं वेगवेगळी आहेत. माझं मत असं, की डाग दिल्यावर शिसं तारांतून आत चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि जिथे कडक संपतो तिथे वायर मोडते. जुन्या पितळी बुलेट टोकांनाच मी डाग दिला, तोही थोडा, आणि मागे स्लीव्ह चढवून आधार दिला.

माझ्या गाडीत कारखान्याचे फ्यूज फक्त दोन होते, ३५ अँपिअरचे, आणि हेडलाइट कुठल्याच फ्यूजवर नव्हते. इथे मूळपणाचा आग्रह सोडा. फ्यूज वायरीला सांभाळण्यासाठी असतो हे धरून चाला: १ एमएमला १०चा, २.५ला २०चा. जुन्या फ्यूज बॉक्सशेजारी झाकणाचा नवा बॉक्स बसवा, अपर आणि डिपरला वेगळे रिले (स्विचच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारे) द्या, आणि बॅटरीपाशी एक मोठा फ्यूज आणि कट-ऑफ स्विच. डॅशबोर्डवरचे स्विच तसेच राहतात, गाडी बाहेरून जशीच्या तशी दिसते.

तुमच्या हॉर्नचं कोडं अर्थिंगचं दिसतंय. करंट गेला की त्याला बॅटरीकडे परत यावं लागतं. परतीची वाट गंजली की तो दुसऱ्या कुणाच्या तरी बल्बमधून वाट काढतो, म्हणून हॉर्न दाबला की दिवा मिणमिणतो. त्यामुळे बॉडीच्या भरवशावर राहू नका. पुढे एक, डॅशबोर्डखाली एक, मागे एक असे तीन अर्थ पॉइंट करा, पत्रा चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून नट आवळा, मग वरून ग्रीस. नव्याने रंगवलेल्या गाड्यांत हाच घोटाळा असतो, रंगावरच बोल्ट आवळलेला. इंजिन ते बॉडी जाड पट्टीही बदला. ती खराब असली की सेल्फचा करंट अॅक्सिलरेटरच्या किंवा चोकच्या तारेतून परततो आणि तार तापून लाल होते.

बॅटरी जोडण्याआधी एक बघा: त्या काळच्या अॅम्बेसिडरमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असू शकतो, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. आजोबांच्या गाडीत तसं असेल तर तसंच ठेवायला हरकत नाही, फक्त मोबाइल चार्जर आणि नवे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर जपून. डायनमोच्या दोन वायरी, मोठं टर्मिनल डी आणि लहान एफ, यांची अदलाबदल कटआउट जाळते. डी पिवळी, एफ पिवळी-हिरवी. यांच्या बाबतीत मी पट्टीचीच वायर शोधून आणली.

पत्र्याच्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट, आणि वायर आत शिरण्याआधी थोडी खाली झोळ घेऊन वर, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकून जातं. बावड्याला आजूबाजूला ऊस आहे, तोड झाली की उंदीर शेडमध्ये येतात. निपाणीची तंबाखू पुरचुंडीत बांधून बॉनेटखाली ठेवणारे बरेच आहेत, मीही ठेवतो, पण भरवसा नायलॉनच्या जाळीदार स्लीव्हवर आणि आठवड्याला एकदा बॉनेट उघडण्यावर.

तपासणी बोर्डावरच करा. बॅटरी आणि वायरिंग यांच्या मध्ये सिरीजमध्ये २१ वॅटचा ब्रेकलाइटचा बल्ब लावा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटेल, करंट दोन अँपिअरच्या आत राहील आणि तुमची दोन महिन्यांची मेहनत जळणार नाही. एकेक फ्यूज बसवत जा. गाडीत घातल्यावरही पहिल्यांदा असंच. मग बल्ब काढा, हेडलाइट लावा आणि मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरी हेडलाइटच्या अर्थ वायरीवर ठेवा. ०.२ व्होल्टाच्या वर दिसलं तर तो अर्थ पॉइंट पुन्हा घासा.

तयार वायरिंग सेट मिळतात. चांगला मिळाला तर घ्या, पण तोही आधी जुन्या जुडग्याशेजारी पसरून वायर-वायर जुळवा.

मला यात रविवार-रविवार करून अडीच महिने लागले. माझा प्लायवूड अजून माळ्यावर उभा आहे, खिळे आणि नंबर तसेच आहेत. गाडी तीच, मार्क टू, त्यामुळे तुमची सुतळी त्यावर लावून बघायला हवी, दोन-चार खिळे हलतील एवढंच. टेंपो घेऊन या, घेऊन जा. वहीचीही झेरॉक्स काढून ठेवतो.